गळा तिचा, गाणं कुणाचं?

कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या माणसाची मुलगी चांगलं गात असेल, तर तिच्या आयुष्याचं काय होतं? अमेरिकेत या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर आहे: लॉरेटा लिन. केंटकी राज्यातल्या डोंगराळ खाणपट्ट्यात, बुचर हॉलो नावाच्या वस्तीत १९३२ साली तिचा जन्म झाला. बाप खाणीत. पंधराव्या वर्षी लग्न, विशी गाठायच्या आत चार मुलं. नवऱ्याने स्वस्तातली एक गिटार आणून दिली. ती वाजवायला ती आपली आपणच शिकली आणि गाणीही रचू लागली. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा नवराबायको गाडीत रेकॉर्डी घालून रेडिओ केंद्रांची दारं ठोठावत फिरले. १९७० साली तिने ‘कोल मायनर्स डॉटर’ हे स्वतःच्या बालपणावरचं गाणं गायलं. त्याच नावाचं आत्मचरित्र १९७६ मध्ये आणि सिनेमा १९८० मध्ये आला. १९७२ साली अमेरिकेच्या कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम कलावंताचा पुरस्कार पहिल्यांदाच एका बाईला मिळाला, ती हीच. २०२२ मध्ये नव्वदाव्या वर्षी ती गेली, तेव्हा टेनेसीतल्या तिच्या स्वतःच्या विस्तीर्ण वाडीत, राहत्या घरी गेली.

हाच प्रश्न खापरखेड्यात विचारून पाहा. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या अंगाला वसलेलं हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते औष्णिक वीज केंद्रामुळे. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक, असे मिळून १३४० मेगावॉटचे संच इथे आहेत. सिल्लेवाडा, वलनी या खाणी जवळच. खाणकामगारांच्या मुली इथे घरोघर आहेत आणि त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्याही आहेत. हळदीला गाणाऱ्या, नवरात्रात गाणाऱ्या, तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणाऱ्या, आंबेडकर जयंतीच्या मंचावर रात्रभर उभ्या राहणाऱ्या. तरी ‘खाणकामगाराची मुलगी गायिका झाली, गाण्यावर घर बांधलं, म्हातारपण सुखात काढलं’ असं एक नाव सांगा म्हटलं, तर आपण गप्प होतो.

अमेरिकेतल्या बाईचा गळा वेगळा आणि आपल्या बाईचा वेगळा, असं कोणी म्हणणार नाही. फरक आहे तो गळ्याच्या भोवती उभ्या राहिलेल्या व्यवहारात. गाणं कोणाच्या नावावर लागतं, बिदागी कोणाच्या हातात पडते, आवाज बसल्यावर चूल कशावर पेटते, यावरून बाईची गाण्यातली कारकीर्द ठरते. महाराष्ट्राने या गोष्टींकडे पाठ केली आणि सत्कार तेवढा हाती धरला. लोककलावंत बाईला आपण शाल देतो, हक्क देत नाही. आणि शालसुद्धा बहुतेक वेळा उशिरा देतो. माझी तक्रार ही आहे.

एप्रिल लागला की आमच्या भागात चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात: कव्वालीचा दुय्यम सामना. एका बाजूला गायकाचा फोटो, दुसऱ्या बाजूला गायिकेचा, मध्ये ‘विरुद्ध’. विदर्भातल्या आंबेडकरी वस्त्यांनी जिवंत ठेवलेला हा प्रकार बाहेरच्यांना फारसा माहीत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. ढोलक, बँजो, की-बोर्ड, ऑक्टोपॅड, मागे कोरस. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत किंवा त्यावर मात करणाऱ्या चालीत जवाब द्यायचा. बुद्ध, बाबासाहेब, रमाई, संविधान, हुंडा, दारू, सासू-सून, सगळे विषय एका रात्रीत येतात. गायिकेला नुसता गळा असून भागत नाही. पाठांतर लागतं, हजरजबाबीपणा लागतो, समोरच्याने घसरून टोमणा मारला तर तो उचलून परत फेकण्याची ताकद लागते आणि हे सगळं पहाटेपर्यंत आवाज न फुटू देता करावं लागतं. कोणत्याही संगीत विद्यालयात असा अभ्यासक्रम नाही.

आता त्या रात्रीचा हिशोब बघा. सुपारी ठरते ती अख्ख्या पार्टीची. त्यातून वादकांचे पैसे, कोरसच्या पोरींचे पैसे, गाडी, डिझेल, वाटेतलं जेवण हे सगळं गायिकेनेच भागवायचं. उरेल ते तिचं. श्रोते नोटा देतात. प्रत्येक नोट देणाऱ्याचं नाव माईकवरून घेतलं जातं. गाणं लिहिणाऱ्याचं नाव मात्र त्याने शेवटच्या कडव्यात स्वतः गुंफलं असेल तरच कानावर पडतं. मांडववाल्याला आणि साउंडवाल्याला अर्धी रक्कम आगाऊ मिळालेली असते. उरलेल्या पैशांसाठी थांबायची वेळ आली तर ती गायिकेवर येते, कारण ती ‘समाजाची’ आहे, ती समजून घेईल. सकाळ होते तोवर कोणीतरी कार्यक्रमाचं चित्रीकरण आपल्या चॅनेलवर चढवून मोकळा झालेला असतो. ते लाखभर लोकांनी पाहिलं तरी जाहिरातीचा एक रुपया तिच्याकडे वळत नाही. तिला कोणी विचारलेलं नसतं. विचारायचं असतं हे चित्रीकरण करणाऱ्यालाही माहीत नसतं. एवढं सगळं होऊनही पुढच्या वर्षी ती पुन्हा येते, कारण तिला गायचं असतं. तिच्या या ओढीवरच आपला सगळा व्यवहार चालला आहे.

ही परिस्थिती आजची नाही आणि खापरखेड्यापुरतीही नाही. महाराष्ट्राच्या लोककलेतलं सगळ्यांत मोठं स्त्रीनाव घ्यायचं तर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं घ्यावं लागेल. १९३५ साली पंढरपुरात जन्म, वडिलांच्या आणि चुलत्यांच्या भाऊ-बापूच्या फडात लहानपणापासून पायात चाळ. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव. चीनच्या युद्धाच्या काळात सीमेवरच्या जवानांपुढे त्यांनी कार्यक्रम केले. त्यांच्याबद्दलची एक हकिकत महाराष्ट्रात घराघरांत सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. हे ऐकताना आपला ऊर भरून येतो. विठाबाईंची कलेवरची निष्ठा, मराठी बाईची हिंमत, असं म्हणत आपण ही हकिकत पुढच्या पिढीला देतो.

मला ही हकिकत ऐकवत नाही. भर महिन्यात बाई बोर्डावर उभी होती, कारण तंबू लागला होता, तिकिटं गेली होती आणि तिच्या नावावरच फड चालत होता. ती थांबली असती तर त्या रात्री कितीतरी पोटं उपाशी राहिली असती. तिला रजा नव्हती, बदली माणूस नव्हता, विमा नव्हता. याला निष्ठा म्हणून गौरवलं की ज्यांनी तिची सोय करायला हवी होती ते सगळे सुटतात: कायदा करणारे सुटतात, तिकीट काढून बसलेले सुटतात, आणि आपणही सुटतो. इथे खाणपट्ट्यातल्या माणसाला एक गोष्ट चटकन जाणवते. खाणीत काम करणाऱ्या बायांसाठी बाळंतपणाच्या लाभाचा कायदा या देशात १९४१ साली, इंग्रजांच्या राज्यात झाला. १९६१ मध्ये त्याची जागा सर्वसाधारण मातृत्व लाभ कायद्याने घेतली. कोळशाच्या टोपल्या उचलणाऱ्या बाईला कायद्याने जे कबूल केलं, ते फडातल्या बाईला कोणीच केलं नाही, कारण ती कामगार आहे असं कोणाच्या मनातच आलं नाही. ती ‘कलावंत’ होती. मोठ्या शब्दाने मान वाढतो तसा हक्कही निसटतो, याचं याहून वाईट उदाहरण माझ्यापाशी नाही.

विठाबाईंचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या. आजारपणात दवाखान्याचा खर्च भागवायला लोकांकडून मदत गोळा करावी लागली होती. त्यानंतर काही वर्षांतच राज्य शासनाने त्यांच्या नावे तमाशाक्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे, तो मिळालेले कलावंतही थोर आहेत. पण जिच्या नावाने तो दिला जातो, तिच्या शेवटच्या आजारात त्या रकमेचा थोडा वाटा जरी हाती असता, तर ती माणसासारखी गेली असती.

वाईच्या यमुनाबाई वाईकरांची गोष्टही वाचावी. १९१५ चा जन्म, कोल्हाटी समाज, लहानपण रस्त्यावर नाचून-गाऊन पोट भरण्यात गेलं. पुढे बैठकीच्या लावणीत त्यांच्या तोडीचं कोणी राहिलं नाही. १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. २०१८ मध्ये त्या गेल्या. सुलोचना चव्हाणांना पद्मश्री २०२२ साली जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या निवर्तल्या. सरकारच्या घड्याळात लोकगायिकेसाठी नव्वदीच्या आसपासचाच काटा आहे की काय, असं वाटावं.

पण या दोन नावांत एक भेदही आहे आणि तो बोलला पाहिजे. सुलोचनाबाईंनी लावणी माईकसमोर उभं राहून, डोक्यावरचा पदर ढळू न देता गायली. त्यांचं गाणं थोर, त्यांचा उच्चार आजही गायिकांनी अभ्यासावा असा. मध्यमवर्गीय घरांनी त्यांच्या तबकड्या विकत घेतल्या, रेडिओवर ऐकल्या. तीच लावणी बोर्डावर उभं राहून, अदा करून गाणाऱ्या बाईला मात्र त्याच घरांनी दारात उभं केलं नाही. गाणं हवं होतं, पण ते आणणारी बाई, तिची जात, तिचं शरीर, तिच्या पोराबाळांचा बाप कोण हा प्रश्न, यातलं काही नको होतं. ध्वनिमुद्रणाने आवाज बाईपासून सोडवून घेतला आणि समाजाची अडचण दूर झाली. सुलोचनाबाईंचा यात काहीच दोष नाही. दोष ऐकणाऱ्यांचा.

अमेरिकेतही हे असंच घडलं आहे, त्यामुळे लॉरेटाच्या गोष्टीने हुरळून जायचं कारण नाही. लिंडा मार्टेल नावाची कृष्णवर्णीय गायिका १९६९ साली नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या मंचावर एकटीने गायली. असं करणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिचा १९७० चा अल्बम ज्या कंपनीने काढला तिचं नाव ‘प्लँटेशन रेकॉर्ड्स’ होतं. गुलामांच्या मळ्यांचं नाव लावणाऱ्या कंपनीत गुलामांच्या वंशातल्या बाईने गायचं. प्रेक्षकांतून शिव्या यायच्या, आणि थोड्याच वर्षांत तिचं गाणं थांबलं. २०२४ मध्ये बियॉन्सेने आपल्या ‘काउबॉय कार्टर’ या अल्बममध्ये तिचा आवाज घेतला तेव्हा जगाने तिला पुन्हा शोधलं. २०१५ मध्ये तर तिथल्या एका रेडिओ सल्लागाराने केंद्रांना उघड सांगितलं होतं की श्रोते टिकवायचे असतील तर बायकांची गाणी पाठोपाठ लावू नका. लॉरेटाच्या गर्भनिरोधक गोळीवरच्या १९७५ च्या गाण्यावर कितीतरी केंद्रांनी बंदी घातली होती. सुरुवातीच्या करारात गाण्यांचे प्रकाशनहक्क दुसऱ्यांकडे गेल्यामुळे तिला वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. तिथल्या बाईलाही कोणी ताट वाढून दिलं नाही. मात्र तिला भांडायला कागद होता, करार होता, कोर्ट होतं. आमच्या गायिकेपाशी सुपारी ठरल्याचा फोन असतो, बस.

कागदाचं मोल काय असतं, हे तिथल्याच कंट्री गायिका डॉली पार्टनने दाखवलं. १९७४ मध्ये तिने स्वतः लिहिलेलं एक गाणं एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने अट घातली की प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा द्यावा लागेल. एल्विस त्या काळचा सम्राट. तो आपलं गाणं गाणार म्हणून कोणीही सही केली असती. डॉलीने नकार दिला, आणि त्या रात्री ती रडली असं तिनेच सांगितलं आहे. १९९२ मध्ये व्हिटनी ह्युस्टनने तेच गाणं ‘द बॉडीगार्ड’ या सिनेमासाठी गायलं, ते जगभर वाजलं आणि लेखिका म्हणून मानधन डॉलीच्या घरी आलं. एका ‘नाही’वर कित्येक पिढ्या बसून खातील एवढी कमाई झाली. आपल्याकडे एखाद्या गायिकेने असा नकार दिला तर ‘बाईला गर्व चढला’ म्हणतील.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये गायक-वादकांचे हक्क आले, २०१२ च्या दुरुस्तीने ते बळकट झाले आणि ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर झाला तर गाणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे हे कायद्यात लिहिलं गेलं. सादरीकरणावरचा हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. म्हणजे खापरखेड्याच्या मंचावर गाणाऱ्या बाईचं गाणं तिच्या संमतीशिवाय टिपून विकण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे तिला कोणी सांगितलेलं नाही. तिचं नाव लावणाऱ्या मंडळांना माहीत नाही, चॅनेलवाल्याला माहीत नाही. मुंबईतल्या पार्श्वगायकांनी आपल्या हक्कांसाठी संस्था काढली आणि ती काम करते. भीमगीत, जागर, गोंधळ, हळदीची गाणी म्हणणारी बाई त्या दारापर्यंत पोचलेली नाही.

लोकगीताला लेखक नसतो, मग हक्क कोणाचा, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देताना फार सावध राहिलं पाहिजे, कारण याच फटीतून आजवर सगळा माल गेला आहे. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाने पहिली ध्वनिमुद्रणं केली आणि तिथून कंट्री संगीताचा धंदा उभा राहिला. गायच्या सारा कार्टर, गिटार वाजवायच्या मेबेल कार्टर. पण डोंगरदऱ्यांत फिरून लोकांच्या तोंडची गाणी गोळा करायचा तो ए. पी. कार्टर, आणि ती त्याच्या नावावर नोंदली जायची. त्याच्यासोबत फिरून चाली लक्षात ठेवणारा कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल, आणि ज्यांनी आपल्या ओसरीत बसून ती गाणी म्हणून दाखवली त्या बाया, यांची नावं नोंदवहीत आली नाहीत. परंपरेला मालक नसतो म्हणणारा बहुतेक वेळा स्वतः मालक होऊन बसतो.

याच्या उलट काम महाराष्ट्रात झालं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून खेडोपाडीच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर गेल्या. हे भांडार २०१७ पासून ग्रामीण भारतावर काम करणाऱ्या ‘पारी’ या संस्थेकडून प्रसिद्ध होत आहे. त्यात ओवीखाली गाणारीचं नाव आहे, तिचं गाव आहे, जिथे मिळाला तिथे फोटोही आहे. ओवी परंपरेची असली तरी ती अमक्या बाईने, अमक्या गावात, अशी म्हटली, हे तिथे मान्य केलं आहे. विदर्भातल्या दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांचं, हळदीच्या गाण्यांचं, बायांच्या भजनांचं असं भांडार कधी होणार? आमच्या खडी गंमतीत तर बाईचं सोंगही पुरुषच वठवत आले. बाईचा खरा आवाज त्या फडावर यायलाच कितीतरी काळ गेला. जो आवाज उशिरा आला तो तरी नीट नोंदून ठेवला पाहिजे.

या संदर्भात कडूबाई खरात यांचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वस्तीत राहणारी, नवरा गेल्यावर एकतारी हातात घेऊन दारोदार बाबासाहेबांची गाणी म्हणत मुलांना वाढवणारी ही बाई. कोणीतरी मोबाइलवर तिचं गाणं टिपलं आणि महाराष्ट्रभर ते वाऱ्यासारखं पसरलं. आज जयंतीच्या मंचांवर तिला मानाने बोलावतात. तिच्या गाण्यात रडगाणं नाही. बाबासाहेबांमुळे माझ्या पदरात काय पडलं, याची मोजदाद एक गरीब बाई छाती वर करून करते, आणि म्हणून ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण ज्या क्षणी ते गाणं पसरलं, त्या क्षणी ती गायरानावरच्या कच्च्या घरात राहत होती. लाखो मोबाइलमध्ये तिचा आवाज होता आणि तिच्या घरात काय होतं, हे विचारायला पहिल्यांदा फारच थोडे गेले. ते गाणं लिहिलं कोणी, असं ऐकणाऱ्या शंभरांतल्या एकानेही विचारलं नसेल. नशिबाने तिचं नाव झालं. कारकीर्द नशिबावर उभी राहत असेल तर बाकीच्या हजारजणींनी काय करायचं?

यावर आमच्याकडे एक प्रामाणिक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणाऱ्यांत माझ्या जवळची माणसं आहेत. भजन ही सेवा आहे, भीमगीत ही चळवळ आहे, त्याला बिदागीच्या हिशोबात बसवलं की त्यातलं सत्त्व जाईल, असं ते म्हणतात. तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवून गावं जागी केली ती मानधन ठरवून नाही, हे खरंच आहे. पण हा नियम सगळ्यांना सारखा लावा. ज्या भजनसंध्येला बायांचं मंडळ फुकट गातं, तिथे मांडव फुकट असतो का? जेनसेट, खुर्च्या, फ्लेक्स, पाहुण्यांचे हारतुरे, पाण्याच्या बाटल्या, यातलं काय सेवा म्हणून येतं? सगळ्यांची बिलं निघतात आणि ज्या एका गोष्टीसाठी लोक जमले ती गोष्ट तेवढी सेवा ठरते. त्यातही ती बाईने केली असेल तर जास्त ठरते. घरात स्वयंपाकाचे पैसे नाहीत, मंडळात गाण्याचे नाहीत. पुरुष बुवांना गाडीभाडं आणि पाकीट देताना कोणाला चळवळीचं सत्त्व आठवत नाही. ज्या बाईला सेवाच करायची आहे तिने खुशाल करावी. तो तिचा निर्णय. तिच्या वतीने तो निर्णय आयोजकांनी घ्यायचं काही कारण नाही.

म्हातारपणासाठी शासनाची योजना आहे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन मिळतं; आधी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीच्या कलावंतांना वेगवेगळी रक्कम होती, २०२४ पासून ती सरसकट ५,००० रुपये झाली. रक्कम थोडी असली तरी औषधपाण्याला उपयोगी आहे. अडचण पुराव्याची आहे. अर्ज भरताना कलाक्षेत्रातल्या कामाचे कागद जोडावे लागतात: प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, कार्यक्रमपत्रिका, आकाशवाणीचे करार. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून आहे, लोकसंगीताची स्वरचाचणी तिथे होते. पण जिने उभी हयात वस्तीतल्या हळदीत, मंडळात आणि जयंतीत गाण्यात घालवली, ती तिथवर गेलीच नाही. तिचा पुरावा म्हणजे तिचं गाणं ऐकलेली माणसं. त्यांची साक्ष अर्जाला जोडता येत नाही. कागद नसतात ते मुख्यतः बायांकडे, कारण पार्टीचा लेटरपॅड नवऱ्याच्या, भावाच्या किंवा मालकाच्या नावावर असतो.

याचा उपाय दिल्लीत किंवा मुंबईत शोधायची गरज नाही, तो शेजारच्या छत्तीसगडमध्ये दिसतो. खाणींच्या वसाहतींत छत्तीसगडहून आलेली कुटुंबं आहेत; पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा, गाणाऱ्या तीजनबाईंचं नाव त्यांना सांगावं लागत नाही. बाईने पंडवानी बसून गायची असा रिवाज असताना ही बाई उभी राहून, तंबुऱ्याची गदा करून गायली. त्यापायी तिला समाजाने बाहेर काढलं. पुढे २०१९ साली तिला पद्मविभूषण मिळालं. या सगळ्या प्रवासात एक आधार होता, त्याकडे फार कमी लोक बघतात: भिलाई पोलाद कारखान्याने तिला नोकरी दिली होती. सरकारी कारखान्याच्या पगारपत्रकावर एका लोकगायिकेचं नाव होतं. त्यामुळे तिला परदेशदौरे आणि पोट यांत निवड करावी लागली नाही, आणि उद्या गळा बसला तर काय, या भीतीखाली गावं लागलं नाही.

खापरखेड्यात तर असे दोन मालक शेजारी शेजारी आहेत. वीज केंद्र महानिर्मितीचं, खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, आणि त्या कंपनीचं मुख्यालय नागपुरातच. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याच्या ठरावीक निकषात बसणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कलांचं संवर्धन स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवणयंत्रं वाटणं, शाळेला रंग देणं ही कामं होतच असतात; व्हावीतही. पण इथल्या वस्त्यांत गाणाऱ्या बायांचं एक नीट ध्वनिमुद्रण, प्रत्येकीच्या नावानिशी, गाणं लिहिणाऱ्याच्या नावानिशी, आणि त्यावरचा हक्क त्यांच्याकडेच ठेवून करायला किती पैसा लागेल? एका संचाच्या देखभालीच्या खर्चात तो कुठे दिसणारसुद्धा नाही. ज्या वसाहतीच्या सभागृहात वर्षातून एकदा बाहेरचा ऑर्केस्ट्रा येतो, तिथे महिन्याला एक संध्याकाळ ठरलेल्या मानधनावर इथल्या गायिकांना दिली, तर त्यांना तारीख कळेल, रक्कम कळेल, आणि त्या कार्यक्रमाचं पत्र हा त्यांचा उद्याचा पुरावा होईल.

कंपन्यांनी करावं म्हणून आपण थांबायचंही कारण नाही. खापरखेडा, चनकापूर, सिल्लेवाडा, वलनी, भानेगाव या पट्ट्यातल्या जयंती समित्यांना, गणेश आणि दुर्गा मंडळांना, भजन मंडळांच्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या हंगामात गायिकेला सुपारी देताना तिच्या स्वतःच्या नावाने लेखी पत्र द्या, त्यावर तारीख आणि रक्कम घाला. मांडववाल्याला देता तशी अर्धी रक्कम आगाऊ द्या आणि उरलेली ती मंचावरून उतरायच्या आत तिच्या हातात ठेवा. गाणं सुरू होण्याआधी माईकवरून लिहिणाऱ्याचं नाव घ्या. कार्यक्रम टिपायला आलेल्या प्रत्येकाला तिच्यासमोर उभं करून विचारा की तिने हो म्हटलं आहे का. आणि तुमच्या वस्तीत पन्नाशी ओलांडलेली एखादी गाणारी बाई असेल, तर तिच्या जुन्या कार्यक्रमांचे फोटो, पत्रिका, फ्लेक्स शोधून काढा आणि मानधनाचा अर्ज तिच्याबरोबर बसून भरा.